विनोद : एक चिकित्सक अभ्यास

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्यात दात दिसत नाहीत, दुसऱ्यात थोडे दिसतात, आणि असं चढत चढत सहाव्यात माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर, दोन्ही हातांनी कुशी धरून, मोठमोठ्यानं हसतो. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या लोकांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. हे मला तोंडपाठ आहे, कारण मी दिवाळी अंकांतल्या विनोदी कथांवर पीएच.डी. केली आहे. त्या साडेसहा वर्षांत मी यांपैकी कुठल्याही प्रकारानं हसल्याचं घरात कोणाला आठवत नाही.

पीएच.डी. का केली, याचं खरं उत्तर ‘स्टाफरूममध्ये सगळेच करत होते’ हे आहे. प्रबंधात मात्र ‘विषयनिवडीमागील भूमिका’ या मथळ्याखाली सात पानं आहेत आणि त्यांत स्टाफरूमचा उल्लेख नाही. शिवाय नियमांची टांगती तलवार होतीच. माझी नोंदणी २०१७ ची. २०१८ साली यूजीसीनं जाहीर केलं की २०२१ पासून विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागेलच. मग ते २०२३ वर ढकललं. २०२३ उजाडल्यावर पुन्हा नेट-सेट पुरे, असं ठरलं. माझं एक प्रकरण तपासून परत येईपर्यंत दिल्लीत एक नियम जन्माला येऊन, लांबणीवर पडून, माघारीही जात असे.

विषय मात्र माझ्या जिवाभावाचा होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात चकलीशेजारी वाचन आलं. आमच्या घरी ते जरा जास्तच आलं. त्यातही ‘आवाज’. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा अंक आणि त्यातली खिडकीचित्रं ज्यांनी चोरून पाहिली नाहीत, त्यांचं बालपण शिस्तीत पण वाया गेलं असं मी समजते. वरून चित्र भलतंच काहीतरी सुचवायचं, धडधडत्या छातीनं खिडकी उघडावी, तर आत अगदी सोवळा प्रकार निघायचा. आमची आई अंक घरात आला की आधी खिडक्यांना स्टेपलर मारायची. दिवाळीच्या सुट्टीत पिना न वाकवता उचकटायचं जे कसब मी मिळवलं, ती माझी पहिली संशोधनपद्धती.

तेव्हा मी विषय लिहून नेला : ‘दिवाळी अंकांतील विनोद’. तीन शब्द.

पण विषयाआधी गाईड लागतो. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायकाला चार. म्हणजे गाईड म्हणजे एसटी. आत कोणी उतरणार आहे का ते बाहेरून बघत राहायचं आणि खिडकीतून रुमाल टाकायचा. माझा रुमाल जिथे पडला ते सर संतसाहित्याचे. विनोदाशी त्यांचं वैर असं नव्हतं, ओळख नव्हती. सर हसत, पण त्यांचे दात मी कधी पाहिले नाहीत. भरतमुनींच्या हिशेबानं उत्तम प्रकृती.

सरांनी माझे तीन शब्द वाचले आणि म्हणाले, “हे फार उघडं आहे.” मग त्यावर त्यांनी कपडे चढवले. ‘निवडक’ आलं, ‘आशय आणि आविष्कार’ आलं, कंसात कालखंड आला आणि शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ आलं. मी विचारलं, “सर, ‘अभ्यास’ म्हटल्यावर ‘चिकित्सक’ वेगळं कशाला?” सर म्हणाले, “आरआरसीला लागतं.”

आरआरसी म्हणजे विषयाला मान्यता देणारी समिती. बाहेरच्या बाकावर आम्ही चौदा जण सकाळी दहापासून बसलो होतो. माझा नंबर साडेचारला, त्यांच्या चहाबरोबर लागला. आत मला चार मिनिटं मिळाली, त्यांतली दीड पेन ड्राइव्ह उघडण्यात गेली. एका सदस्यांनी विचारलं, “विनोदच का?” दुसरे म्हणाले, “त्यापेक्षा करुण रसावर काम कमी झालंय.” तिसऱ्यांनी विचारलं, “तुमचं गृहीतक काय?”

साहित्याच्या संशोधनाला गृहीतक असावं हे कोणी ठरवलं ते मला साडेसहा वर्षांत सापडलं नाही. पण असावं लागतं, आणि शेवटी ते सिद्धही व्हावं लागतं. म्हणून शहाणा विद्यार्थी पडणार नाही अशाच घोड्यावर पैसे लावतो. माझं पहिलं गृहीतक होतं : ‘दिवाळी अंकांतील विनोदी कथांमध्ये विनोद आढळतो.’ चारशे बारा पानांनंतर ते सिद्ध झालं. दुसरं, ‘हा विनोद वाचकांचे रंजन करतो’, हे माझ्यापुरतं त्या काळात डळमळलं होतं. पण मी ते सरांना कळू दिलं नाही.

मग अंक शोधायला निघाले. दिवाळी अंक ही अशी वस्तू आहे की जी नोव्हेंबरात शेजारी मागून मिळत नाही आणि मार्चमध्ये किलोवर मिळते. रद्दीवाल्याच्या दुकानात पोत्यावर बसून मी १९६८ सालची विनोदी कथा शोधत असे आणि तो गिऱ्हाइकांना सांगे, “बाई कॉलेजात आहेत,” म्हणजे गैरसमज नको. सापडलेल्या अंकांतून आधीच्या पिढीनं आपापलं हवं ते काढून घेतलेलं असायचं. वार्षिक राशिभविष्य हमखास नाही. पाककृती नाहीत. शब्दकोडं सोडवलेलं, तेही चुकीचं.

एका तालुक्याच्या नगर वाचनालयात ‘आवाज’चे बांधीव खंड आहेत असं कळलं. दोन एसट्या बदलून गेले. ग्रंथपाल सत्तरीचे, धोतर-कोटातले. मी कोणते अंक हवेत ते सांगितलं तेव्हा त्यांनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं, मग माझं विद्यापीठाचं पत्र पाहिलं, मग पुन्हा मला पाहिलं, आणि शिपायाला मोठ्यानं सांगितलं, “बाईंना अभ्यासाला पाहिजेत.” वाचनालयात पेपर वाचणारी नऊ डोकी एकदम वर झाली. खंड आले. मी उघडला. एकूण एक खिडकी ब्लेडनं कापून नेलेली. दुसरा खंड, तेच. चाळीस वर्षांतल्या सभासदांनी इतक्या निगुतीनं काम केलं होतं की पानाला नुसती सुबक चौकोनी भोकं, आणि त्यांतून मागच्या पानावरची मंगल कार्यालयाची जाहिरात दिसत होती. प्रबंधाच्या प्रास्ताविकात ‘आजवरच्या संशोधनातील पोकळी’ दाखवावी लागते. मला ती आयती, मापात मिळाली.

पहिलं प्रकरण : ‘विनोद : संकल्पना व स्वरूप’. शंभर पानं. यात भरतमुनी येतात, हॉब्ज येतो, कांट येतो, बर्गसाँ त्याच्या १९०० सालच्या पुस्तकासकट येतो आणि फ्रॉइडही डोकावतो. गो. मा. पवारांचं ‘विनोद : तत्त्व व स्वरूप’ तर उशाशीच होतं. हॉब्ज म्हणतो, दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ आहोत हे अचानक जाणवलं की माणूस हसतो. कांट म्हणतो, ताणलेली अपेक्षा एकाएकी फुसकी निघाली की हसतो. (खिडकीचित्रांसाठी कांट एकटा पुरेसा होता, पण संदर्भसूची वाढवायची होती.) या शंभर पानांत एकही विनोद नाही. एक होता, उदाहरण म्हणून दिलेला. सरांनी समासात लिहिलं : ‘येथे गांभीर्य राखावे.’

प्रकरण दिलं की सर ते दोन्ही हातांनी घेत, वजनाचा अंदाज घेत आणि टीपॉयखालच्या कप्प्यात ठेवत. त्या कप्प्यात गॅसचं पुस्तक, तीन लग्नपत्रिका आणि माझ्याआधीच्या विद्यार्थ्यांची प्रकरणं अशी उतरंड होती. मी दर महिन्याला जाऊन माझं कितव्या थरावर पोचलं ते नजरेनं मोजून येई. काकू पोहे देत. पोह्यांत शेंगदाणे जास्त असले की प्रकरण अजून उघडलेलं नाही हे मी ओळखायला शिकले. काकूंना माझी दया आलेली असे.

पाच महिन्यांनी प्रकरण परत आलं. समासात एकच शेरा : ‘विस्तार करा.’ मी केला. तीन महिन्यांनी परत आलं, त्याच परिच्छेदापाशी, त्याच हस्ताक्षरात : ‘पाल्हाळ.’ मी आधीचा खर्डा नवी तारीख घालून नेऊन दिला. सरांनी वाचला. “आता बसलं,” म्हणाले, आणि गालातल्या गालात, दात न दाखवता हसले. हे ते मुद्दाम करत असतील का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आता पडतो.

नोंदणी झाली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. ती चौथीत गेल्यावर एकदा शांतपणे म्हणाली, “आई, तू एकाच वर्गात किती वर्षं बसणार?” सासूबाईंचं वेगळंच. त्यांना पहिल्यापासून या प्रकाराबद्दल कुतूहल होतं. “विनोदावर सहा वर्षं?” त्या म्हणायच्या. “आमचे मामंजी जेवता जेवता करायचे.” रोज रात्री मी ओट्याचं आवरून टेबलाशी बसले की त्या विचारत, “हसू आलं का आज काही?” मी म्हणे, “आज तळटिपा करतेय.” त्या एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघत.

मधल्या काळात चर्चासत्रं झाली. त्या वेळच्या नियमानं प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि दोन परिषदांत वाचलेले निबंध लागत. चर्चासत्र ‘राष्ट्रीय’ कसं होतं हे मला तिथे कळलं : गोव्याहून एक वक्ते आले की झालं. ‘आंतरराष्ट्रीय’साठी कोणाचा तरी भाचा दुबईहून ऑनलाइन येतो. माझा निबंध जेवणानंतरच्या सत्रात होता, विषय ‘विनोदातील विसंगती’, वेळ पाच मिनिटं. जिलबीमुळे श्रोते आणि अध्यक्ष समाधी अवस्थेत होते. मी वाचून संपवलं तेव्हा टाळ्यांनी अध्यक्ष जागे झाले आणि त्यांनी समारोपात निबंध अंतर्मुख करणारा असल्याचं सांगितलं. निदान त्यांच्याबाबतीत ते खरं होतं.

पुढे कोविडमुळे मुदतवाढ मिळाली, त्या काळात निम्मा प्रबंध लिहून झाला आणि उरलेला पुसून झाला. शेवटच्या महिन्यात तो सॉफ्टवेअरच्या तोंडी दिला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. ४० पर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. माझं १० च्या वर निघालं. मी घाबरून अहवाल उघडला. सुरुवातीचंच एक पान डोक्यापासून पायापर्यंत लाल. ते होतं प्रतिज्ञापत्र. ‘प्रस्तुत प्रबंध हे माझे स्वतःचे व मौलिक लेखन आहे’ हे वाक्य माझ्याआधी अनेकांनी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. ऋणनिर्देशातलं ‘त्यांच्या ऋणात राहणेच मला आवडेल’ हेही चोरीचं निघालं. ती पानं वगळून पुन्हा तपासणी केली तेव्हा १० च्या आत सुटले.

सबमिशन दुसऱ्या दिवशी. रात्री नऊला सरांचा फोन. “सगळं ठीक आहे. फक्त तुम्ही सगळीकडे ‘पात्र’ लिहिलंय. ते जुनं वाटतं. ‘व्यक्तिरेखा’ करा.”

मी डीटीपीवाल्याकडे धावले. हा मुलगा म्हणजे आमच्या गावातल्या उच्च शिक्षणाचा कणा. एमएपासून पीएच.डी.पर्यंत सगळे त्याच्या दुकानातून गेलेले, आणि तो स्वतः बारावी. ‘श्रीलिपी’तून ‘युनिकोड’मध्ये आणताना माझ्या प्रबंधाच्या सगळ्या रफारांची जागा त्यानंच हातानं बसवली होती. मी रडवेली होऊन म्हणाले, “चारशे पानांत किती ठिकाणी असेल रे!” तो म्हणाला, “मॅडम, एका बटणाचं काम.” त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आलं : ४३२ ठिकाणी बदल केले. “चहा सांगू?”

सकाळी काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. सरांनी पाचही प्रतींतल्या प्रमाणपत्रावर सही केली. वाचलं नाही, सहा वर्षं वाचतच होते.

सात महिन्यांनी व्हायवा. विभागाच्या हॉलमध्ये समोसे, गुच्छ, शाल-श्रीफळ, मागच्या रांगेत माझा नवरा, मुलगी आणि नऊवारीतल्या सासूबाई. बाहेरचे रेफ्री नावाजलेले, निवृत्त, कपाळावर कायमची आठी. त्यांनी बर्गसाँबद्दल विचारलं, कालखंडाबद्दल विचारलं. मग खूण घातलेलं एक पान उघडलं. “पान दोनशे चौदा. तुम्ही इथे एका ग्रामीण कथेचं कथानक सांगताना लिहिलंय,” आणि त्यांनी चष्मा सारखा करून, एकेक शब्द सुटा करून वाचलं, “‘उन्हाळ्याचे दिवस असल्याने नदीच्या व्यक्तिरेखात गुडघाभर पाणी होते.’”

हॉलमध्ये शांतता. माझ्या डोळ्यांसमोर ते बटण आलं.

“हे जरा उलगडून सांगा,” ते म्हणाले.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण साडेसहा वर्षं जी भाषा मी लिहीत होते ती माझी परवानगी न घेता तोंडातून बाहेर पडली. “सर, ग्रामीण कथेत नदी ही निव्वळ पार्श्वभूमी म्हणून येत नाही. ती कथेत सहभागी होते. या अर्थानं मी तिला व्यक्तिरेखा म्हटलेलं आहे.”

रेफ्रींची आठी किंचित सैल झाली. “आणि गुडघाभर पाणी?”

“ते त्या व्यक्तिरेखेच्या मर्यादा सूचित करतं, सर.”

ते मान डोलावत लिहून घेऊ लागले. माझे गाईडही मान डोलावू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक विचित्र आवाज आला. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही हात कुशीवर होते आणि खुर्ची हलत होती. लोकांना वाटलं म्हाताऱ्या बाईंना समोशाचा ठसका लागला. शिपाई पाणी घेऊन धावला. मला मात्र लक्षणांवरून प्रकार लगेच ओळखता आला : सहावा. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. नदीला काय असतं हे त्यांना शिकवायला नको होतं.

पदवीची शिफारस झाली. रेफ्रींनी एकच दुरुस्ती सुचवली : ‘नदी या व्यक्तिरेखेविषयीचा मुद्दा मौलिक असून प्रबंधात तो ओझरता आला आहे. त्यावर दोन परिच्छेद वाढवावेत.’

रात्री घरी आम्ही चौघांनी मिळून प्रबंध पहिल्यांदाच मनापासून वाचला. मुलगी मोठ्यानं वाचत होती. परिचयपत्रात माझी ‘शैक्षणिक व्यक्तिरेखाता’ दिली होती. एका कथेतला कारकून साहेबांचा ‘कृपाव्यक्तिरेखा’ होता. एक नायक वारंवार ‘हास्यास व्यक्तिरेखा’ ठरत होता. आणि सरांच्या सहीचं प्रमाणपत्र सांगत होतं की प्रस्तुत प्रबंध पीएच.डी. पदवीस सर्वथैव व्यक्तिरेखा आहे. त्या रात्री आमच्या घरात जे चाललं होतं ते भरतमुनींनी अधमांच्या रकान्यात टाकलं आहे. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी बसून मी जागोजागचं ‘पात्र’ परत आणलं. फक्त नदीला हात लावता येईना. तिला परीक्षकांची मान्यता होती. उलट दोन परिच्छेद लिहावे लागले, ते मी लिहिले, आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला. आता गांधीनगरच्या त्या सर्व्हरवर माझी नदी गुडघाभर पाण्यानिशी वाहते आहे.

गेल्या वर्षी मला स्वतःला गाईड म्हणून मान्यता मिळाली. पहिली विद्यार्थिनी मोठी कष्टाळू आहे. तिचं दुसरं प्रकरण चार महिने माझ्या टीपॉयखाली होतं. मध्ये गॅसचं पुस्तक शोधताना हाताला लागलं, म्हणून वाचायला घेतलं. पान एकतीसवर माझंच नाव : ‘यांच्या मते नदी ही ग्रामीण विनोदी कथेतील स्वतंत्र व्यक्तिरेखा असून तिच्यातील पाण्याची पातळी तिच्या मर्यादांची द्योतक आहे.’ खाली तळटीप, पानाच्या क्रमांकासकट.

ती समोर पोह्यांची बशी हातात धरून बसली होती. पोह्यांत मी शेंगदाणे सढळ हातानं घातले होते.

“मॅडम,” ती म्हणाली, “तो नदीचा मुद्दा बरोबर आलाय ना?”

मी मान वर केली, दात दिसणार नाहीत इतपतच हसले आणि समासात लिहिलं : ‘विस्तार करा.’